निवडचाचणीतील स्वगत : उताऱ्यातील श्रोत्याचा विचार

१

अभिनयाच्या निवडचाचणीसाठी उमेदवाराने कोणता उतारा घ्यावा व त्याची तयारी कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता नाट्यशिक्षणातील एक व्यावहारिक प्रश्न आहे. भाषाभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु चाचणीच्या दोन-तीन मिनिटांत उमेदवाराजवळ नेपथ्य नसते, वेष नसतो, सहनट नसतो, प्रसंगाचा मागचापुढचा संदर्भही नसतो. असते ती भाषा आणि ती उच्चारणारा देह. म्हणून उताऱ्याची निवड ही मूलतः एका भाषिक रचनेची निवड होय, आणि तिचा विचार भाषेच्या अंगाने करणे अनाठायी ठरू नये.

या विवेचनाचे निमित्त लहानसे आहे. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील आचोळे हे नालासोपारा पूर्वेकडील गाव. मूळची गाववस्ती, तिच्याभोवती दाटलेल्या चाळी व इमारती, कोकणातून, देशावरून आणि उत्तर भारतातून आलेली कुटुंबे असे त्याचे आजचे रूप आहे. नाटकात वा मालिकेत काम मिळावे या इच्छेने लोकलने अंधेरी-गोरेगावकडे खेपा घालणारी तरुण मुलेमुली तेथे आढळतात. त्यांच्यापैकी काहींची तयारी ऐकण्याचा योग मला आला. एकेक चाचणी म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडवून केलेला प्रवास असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे उताऱ्याच्या निवडीला केवळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणता येत नाही.

त्यांतील एका विद्यार्थिनीने विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकातील लीला बेणारेचे अखेरचे दीर्घ भाषण निवडले होते. तिच्या घरची बोली आगरी. भाषण तिला मुखोद्गत होते, उच्चार काटेकोर होते, योग्य जागी डोळ्यांत पाणीही येत होते. ऐकून झाल्यावर मी तिला एवढेच विचारले, "हे सगळं तू कोणाला सांगते आहेस?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "परीक्षकांना."

हे उत्तर प्रामाणिक होते. निवडचाचणीतील बहुतेक स्वगते ज्या कारणाने निष्प्राण होतात, ते कारणही याच उत्तरात आहे. उताऱ्यातील श्रोता कोण, याचा पुरावा उताऱ्याच्या भाषेतच शोधावा लागतो; तो सापडल्यावाचून निवड आंधळी राहते आणि तयारी केवळ पाठांतराची होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू. चाचणीच्या व्यवहारात ज्याला सरसकट 'मोनोलॉग' म्हणतात, त्यात परस्परांहून भिन्न असे अनेक प्रकार एकत्र आलेले असतात. आपल्याकडील प्राचीन नाट्यविचाराने या बाबतीत अधिक सूक्ष्मता दाखविली होती. धनंजयाच्या 'दशरूपका'त नाट्यवस्तूचे श्रवणाच्या दृष्टीने तीन भाग पाडले आहेत : सर्वांनी ऐकावयाचे ते सर्वश्राव्य किंवा प्रकाश, कोणीही ऐकावयाचे नाही ते अश्राव्य किंवा स्वगत, आणि ठराविक पात्रांनीच ऐकावयाचे ते नियतश्राव्य, ज्यात जनान्तिक व अपवारित यांचा समावेश होतो. यांखेरीज, रंगमंचावर नसलेल्या व्यक्तीशी ती जणू उत्तरे देत आहे असे समजून बोलणे, ते आकाशभाषित. भाण हा एकाच नटाचा रूपकप्रकार प्रायः या आकाशभाषितावरच उभा असतो. या वर्गीकरणाचा पाया लक्षात घेण्याजोगा आहे. भाषण लांब आहे की आखूड, शोकाचे आहे की क्रोधाचे, यावर ते आधारलेले नाही. ऐकणारा कोण, यावर ते आधारलेले आहे.

या निकषाने आधुनिक मराठी नाटकांतील उतारे पाहिले तर त्यांचे निरनिराळे वर्ग स्पष्ट होतात. तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकाच्या आरंभी सखाराम घरात आणलेल्या लक्ष्मीला आपल्या घराचे नियम ऐकवितो. हे स्वगत नव्हे. समोर एक स्त्री उभी आहे, ती फार थोडे बोलते, आणि तिच्या त्या गप्प राहण्यावरच सखारामचे बोलणे वाढत जाते. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मधील (१९७४) भाऊराव हा मृत गृहस्थ कीर्तनकाराच्या पवित्र्याने बोलतो. तेथे श्रोतृसमुदाय गृहीत धरलेला आहे, आणि त्याच्याशी असलेले नाते कीर्तनपरंपरेने आधीच ठरवून दिलेले आहे. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील (१९७०) जगण्यामरण्याचा खल करणारे भाषण हे मात्र स्वगताच्या जुन्या कल्पनेजवळचे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. खऱ्याखुऱ्या स्वगतात पात्र स्वतःशीच बोलत असेल, तर तेथे श्रोता शोधण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर मानसभाषाशास्त्रात मिळते. लेव्ह विगोत्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंतरिक भाषेचे स्वरूप विशद केले. मनातल्या मनात माणूस पूर्ण वाक्ये बोलत नाही. ज्याविषयी बोलावयाचे ते ठाऊकच असल्याने उद्देश्य गळते आणि विधेय तेवढे उरते. दार वाजले की मनात उमटते ते 'आला' एवढेच. रंगभूमीवरील स्वगत असे तुटक नसते. त्यात उद्देश्य, विधेय, उपवाक्ये, उपमा, प्रश्न हे सारे असते. ज्याअर्थी पात्र आपले म्हणणे इतके फोडून सांगते, त्याअर्थी ते कोणाला तरी पटविण्यासाठी सांगत असते. तो 'कोणी' देव असेल, मृत व्यक्ती असेल, किंवा त्याच पात्राचे दुसरे, अजून न पटलेले मन असेल. अश्राव्य भाषणालाही श्रोता असतो; तो रंगमंचावरील अन्य पात्रांना दिसत नाही, एवढेच.

३

हा श्रोता शोधावयाचा कोठे? नाट्यशिक्षणात याचे उत्तर बहुधा 'कल्पना करा' असे दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मराठी भाषेने श्रोत्याच्या खुणा आपल्या व्याकरणातच बाळगल्या आहेत, आणि कल्पनेला हात घालण्यापूर्वी त्या खुणा वाचणे हे उमेदवाराचे पहिले काम आहे.

पहिली खूण सर्वनामांची. मराठीत 'आम्ही' म्हटले की श्रोता वगळला जातो आणि 'आपण' म्हटले की तो आत घेतला जातो. 'आम्ही तेव्हा चाळीत राहत होतो' हे वाक्य परक्याला सांगितलेले आहे. 'आपण तेव्हा चाळीत राहत होतो' हे त्या चाळीतल्याच माणसाला. एखाद्या भाषणात 'आम्ही'चे 'आपण' झाले तर वक्त्याने श्रोत्याला जवळ ओढले, असे समजावे. 'आपण'चे आणखीही उपयोग आहेत. ते आदरार्थी द्वितीय पुरुष म्हणून येते, 'स्वतः' या अर्थी येते, आणि मुंबईच्या बोलण्यात 'आपण नाही घाबरत' अशा वाक्यात चक्क 'मी'च्या जागी येते. यांपैकी कोणता उपयोग अभिप्रेत आहे, याचा निर्णय केल्याशिवाय ते वाक्य उच्चारताच येणार नाही.

दुसरी खूण संबोधनांची. 'अरे', 'अगं', 'अहो', 'रे', 'गं', 'हो' या शब्दांतून श्रोत्याचे लिंग आणि त्याच्याशी असलेली जवळीक वा अदब व्यक्त होते. 'काय सांगू गं तुला' या चार शब्दांत समोर एक स्त्री आहे, ती बरोबरीची वा लहान आहे, आणि तिच्याशी बोलताना संकोच नाही, इतके सर्व आले. उमेदवार हे लहान शब्द भरतीचे समजून उडवून टाकतात, किंवा उतारा कापताना तेच आधी कापले जातात.

तिसरी खूण अव्ययांची. वाक्याच्या शेवटी येणारा 'ना' श्रोत्याचा होकार मागतो. 'सांगितलं की' यातील 'की' श्रोत्याला त्याच्या विसराळूपणाची वा दुर्लक्षाची आठवण देतो. 'तो आला म्हणे' यातील 'म्हणे' हे सांगतो की, वक्त्याने घटना पाहिलेली नाही आणि तिची जबाबदारीही तो घेत नाही. शब्दाला चिकटणारा 'च' बहुधा कोणाच्या तरी न उच्चारलेल्या शंकेला उत्तर देत असतो. 'मीच गेले' या वाक्याच्या मागे 'दुसरं कोणी गेलं असेल' असे म्हणणारा एक श्रोता उभा आहे.

चौथी गोष्ट वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही तेथेच येतो. 'मी त्या माणसाला ओळखत' येथपर्यंत वाक्याचा अर्थ अनिश्चित असतो. 'होते' की 'नाही', हे शेवटचा शब्द ठरवितो. बोलणाऱ्याचे लिंग आणि क्रियेचा काळही बहुधा याच शेवटच्या शब्दात दडलेला असतो. आचोळ्यात ऐकलेल्या बहुतेक उमेदवारांचा आवाज वाक्याच्या आरंभी चढत होता आणि शेवटी श्वासाबरोबर विरत होता. विरत होते ते नेमके वाक्याचे मर्म. श्रोता निश्चित नसल्याचा हा परिणाम होय. ज्याला काही पोहोचवावयाचे आहे तो माणूस क्रियापदापर्यंत श्वास राखून ठेवतो.

कार्ल ब्यूलर यांनी १९३४ सालीच प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषासिद्धान्तात प्रत्येक भाषिक चिन्हाचे त्रिविध नाते सांगितले : वक्त्याशी, श्रोत्याशी आणि ज्याविषयी बोलावयाचे त्या विषयाशी. चाचणीतील उमेदवार पहिल्या नात्यावर, म्हणजे भावनेच्या आविष्कारावर, सर्व भर देतो. दुसरे नाते तो परीक्षकांच्या स्वाधीन करतो. वर उल्लेखिलेल्या 'परीक्षकांना' या उत्तराचा अर्थ हाच.

४

आता सर्वाधिक निवडल्या जाणाऱ्या उताऱ्यांपैकी दोहोंचे परीक्षण करू. 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांत वाटून देतो, मुलाच्या व मुलीच्या घरी त्याची अवहेलना होते, पत्नी कावेरी निवर्तते आणि हा वृद्ध नट रस्त्यावर येतो. त्या अवस्थेत घर मागणारे त्याचे भाषण मराठी भाषकांच्या स्मरणात इतके रुजले आहे की, नाटक न पाहिलेल्यालाही ते ठाऊक असते. उमेदवार ते निवडतात ते प्रायः याच कारणाने. परंतु कीर्ती हा उताऱ्याचा गुण असला तरी निवडीचा निकष नव्हे.

या भाषणाची भाषिक घडण पाहावी. वक्ता स्वतःसाठी 'मी' हे सर्वनाम बाजूला ठेवतो व एका रूपकाच्या नावाने, तृतीय पुरुषात, स्वतःविषयी बोलतो. श्रोता 'तू' नाही, 'तुम्ही' नाही; तो 'कुणी' या अनिश्चित सर्वनामाने सुचविलेला आहे. म्हणजे मागणारा आपल्या नावाने मागत नाही आणि ज्याच्याजवळ मागावयाचे तोही निश्चित नाही. हे भाषण करुण आहे ते त्यातील शब्दसौंदर्याने, आणि त्याहून अधिक या रचनेने : ज्याने आयुष्यभर भरलेल्या नाट्यगृहाला उद्देशून भाषणे केली, त्याला आता एकही श्रोता उरलेला नाही. तरीही त्याची वाक्यरचना नाट्यगृहाचीच आहे. माणूस याचक झाला, भाषा सम्राटाचीच राहिली, या विसंवादात भाषणाचे नाट्य आहे.

हा विसंवाद दाखविण्यासाठी दोन आवाज लागतात : एक नामवंत नटाचा, दुसरा त्या आवाजाआड दडलेल्या थकलेल्या माणसाचा. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला तेव्हा ही भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. तेही वृद्ध नव्हते. म्हणून विशीतील उमेदवाराने वृद्धाची भूमिका घेऊच नये, असा नियम करण्याचे कारण नाही. अडचण वयाची नसून संदर्भाची आहे. नाट्यगृहात हे भाषण येते तेव्हा प्रेक्षकाने बेलवलकराचे वैभव, त्याचा अहंकार, कावेरीशी असलेले त्याचे बोलणे, हे सारे पाहिलेले असते. चाचणीत यांपैकी काहीच नसते. उरतो तो एक उंच सूर. उमेदवार तो सूर आणखी उंच करतो, आणि परीक्षकाच्या कानांत आधीच घुमत असलेल्या मोठ्या नटांच्या आवाजांशी त्याची तुलना होऊन जाते.

जुन्या नाटकांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकातील सुधाकराची भाषणे समांतर वाक्यांच्या लांब मालिकांनी बांधलेली आहेत. श्वासाचा कस पाहणारे ते साहित्य अभ्यासासाठी अत्यंत उपयुक्त आहे. तथापि, प्रत्येक उपवाक्य मागच्याहून एक पायरी वर का जाते, म्हणजे सुधाकराला कोणाचे कोणते म्हणणे खोडून काढावयाचे आहे, हे कळले नाही तर ती मालिका केवळ अलंकार म्हणून ऐकू येते. त्या मानाने याच नाटकातील तळीरामाची युक्तिवादपर भाषणे विशीतील उमेदवाराला अधिक साधण्याजोगी आहेत, कारण तेथे पटविण्याचा हेतू उघड आहे आणि ज्याला पटवावयाचे तोही समोर आहे. उमेदवार विनोदी उतारा टाळतात तो गांभीर्याच्या चुकीच्या कल्पनेमुळे.

५

बेणारेच्या भाषणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. खेळ म्हणून सुरू झालेल्या अभिरूप न्यायालयात बेणारेच्या खासगी आयुष्याची चिरफाड होते, आणि शेवटी काशीकर तिला बचावासाठी दहा सेकंदांची मुदत देतो. त्या दहा सेकंदांत, इतर सर्व पात्रे निश्चल असताना, ती हे दीर्घ भाषण करते. नाटकातील न्यायालयाच्या दृष्टीने ती काहीच बोललेली नाही. तिचे बोलणे प्रेक्षकाला ऐकू येते, अभियोक्त्यांना ऐकू येत नाही. दशरूपककारांच्या परिभाषेत हे अश्राव्य होय. पण त्याची भाषा प्रकाश भाषणाची आहे, कारण ते न्यायालयीन संबोधनाने सुरू होते. ज्यांना उद्देशून बोलावयाचे त्यांनीच ते ऐकू नये, ही या भाषणाची अट आहे.

पुढे भाषणाचा रोख बदलत जातो. किशोरवयात मामाविषयी वाटलेले प्रेम व त्याचा शेवट, पुढे प्राध्यापकाविषयीची भक्ती, स्वतःचा देह, आणि पोटातील मूल, असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर श्रोता तोच राहतो काय? न्यायाधीशाला उद्देशून आयुष्याविषयी उपहासाने बोलणारी बेणारे मुलाविषयी बोलताना त्याच न्यायाधीशाकडे पाहील काय? या प्रश्नांची उत्तरे न देता भाषण एका अश्रुपूर्ण सुरात म्हटले की त्याचा विलाप होतो. तेंडुलकरांनी लिहिले आहे ते विलापाहून बरेच अधिक आहे. त्यात जबानी आहे, उपहास आहे, कबुली आहे, आणि मागणीही आहे.

त्या विद्यार्थिनीला मी एक साधा प्रयोग सुचविला. संहिता बाजूला ठेवून, त्यातील मजकूर तिने घरच्या बोलीत, स्वतःच्या शब्दांत सांगावा. हेतू एवढाच की, पाठ केलेल्या भाषेत लपलेला श्रोता स्वतःच्या भाषेत उघडा पडावा. ती आगरीत बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिच्या वाक्यांत 'गो' येऊ लागला. हे स्त्रीला उद्देशून वापरावयाचे संबोधन. तीन-चार वेळा तसे झाल्यावर ती आपण होऊन थांबली आणि म्हणाली, "सर, मी हे बाईला सांगतेय."

ही जाणीव मला महत्त्वाची वाटते, कारण तिने संहितेवर नवा प्रकाश पडतो. त्या अभिरूप न्यायालयात बेणारेव्यतिरिक्त एकच स्त्री आहे, ती म्हणजे सौ. काशीकर. तीही अभियोक्त्यांच्याच बाजूला आहे. बेणारेचे भाषण तिला उद्देशून आहे असे संहिता कोठे सांगत नाही; पण तसे मानण्यास संहितेत अडथळाही नाही. न्यायालयातील पुरुषांनी आपल्याला समजून घ्यावे ही अपेक्षा बेणारेने केव्हाच सोडली असेल. परंतु आपल्या देहाची आणि मुलाची गोष्ट एका स्त्रीने तरी ऐकावी, आणि तीच समोर दगडासारखी बसलेली असावी, हे कल्पिले की भाषणातील प्रत्येक वाक्याला एक ठिकाण मिळते. विद्यार्थिनीने त्यानंतर तेंडुलकरांची वाक्ये जशीच्या तशी, एकही शब्द न बदलता म्हटली. अश्रू कमी झाले आणि क्रियापदे ऐकू येऊ लागली.

६

बोलीचा हा उपयोग तयारीपुरता आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. लेखकाने प्रमाण मराठीत लिहिलेली संहिता उमेदवाराने आपल्या बोलीत बदलून सादर करणे हा संहितेशी अप्रामाणिकपणा होईल. परंतु या निमित्ताने एक व्यापक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो परीक्षकांनाही लागू आहे.

वसई-विरारचा पट्टा बोलींच्या दृष्टीने समृद्ध आहे. वाडवळी, सामवेदी अर्थात् कादोडी, आगरी आणि कोळी या बोली तेथे नांदतात. स्थलांतरितांबरोबर मालवणी व अन्य बोलीही आल्या. या घरांतील उमेदवार चाचणीला जाताना प्रथम काय करतो, तर आपली बोली पुसून टाकतो. आगरीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'नारळ'चा 'नारल' होतो. हा ध्वनिव्यवस्थेतील नियमित भेद आहे, उच्चारातील आळस नव्हे. तरीही तो 'अशुद्ध' ठरतो, या भीतीने उमेदवार प्रत्येक 'ण' आणि 'ळ' यांवर पहारा ठेवून बोलतो. पहाऱ्यात असलेले बोलणे श्रोत्याकडे जात नाही. ते स्वतःच्या जिभेकडे पाहत राहते. ज्याला आपण उमेदवाराचा कृत्रिमपणा म्हणतो, तो पुष्कळदा या पहाऱ्याचा परिणाम असतो.

मराठी रंगभूमीचा इतिहास या भीतीला पुष्टी देत नाही. गंगाराम गवाणकरांचे मालवणीतील 'वस्त्रहरण' १९८० साली मच्छिंद्र कांबळी यांनी व्यावसायिक रंगमंचावर उभे केले आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) वऱ्हाडी वळणाची भाषा एका पडत्या वाड्याचे दुःख समर्थपणे वाहते. म्हणून ज्याची बोली एखाद्या लिखित पात्राच्या बोलीशी जुळते, त्याने तसा उतारा अवश्य शोधावा. तसा न मिळाल्यास प्रमाण मराठीतील उतारा घ्यावा. पण ही आपली दुसरी भाषा आहे हे मान्य करून, तिच्या ध्वनींचा सराव आधी स्वतंत्रपणे संपवावा व मगच उताऱ्याला हात घालावा. उच्चाराचा अभ्यास आणि अभिनयाचा अभ्यास एकाच वेळी केल्याने दोन्ही बिघडतात.

परीक्षकांनी उच्चारदोष आणि बोलीभेद यांत अंतर करावे, ही अपेक्षाही गैर नाही. पात्राच्या दृष्टीने अनुचित असा उच्चार दोष ठरू शकतो. उमेदवाराचे गाव ओळखू येते, हा दोष नव्हे. हे अंतर न केल्यास चाचणी अभिनयाची न होता घराण्याची व शाळेची होते, आणि आचोळ्यासारख्या गावातील मुलांना त्याची किंमत मोजावी लागते.

७

या विवेचनातून निवड व तयारी यांविषयी काही निष्कर्ष निघतात. ते नियम नव्हेत. अध्यापनात पडताळून पाहण्याजोगी सूत्रे आहेत.

प्रथम, उतारा निवडताना भाषण कोणाला उद्देशून आहे हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे, आणि त्याचा आधार संहितेतील एखाद्या सर्वनामात, संबोधनात वा अव्ययात दाखविता आला पाहिजे. ज्या उताऱ्यात असा आधार सापडत नाही तो वाईटच असतो असे नाही. पण तो अवघड असतो, हे जाणूनच घ्यावा. दुसरे, आरंभी श्रोत्याकडून जे हवे होते ते शेवटी मिळाले, नाकारले गेले की बदलले, हे ठरवावे. अन्यथा भाषण जेथे सुरू झाले तेथेच संपते. तिसरे, संपूर्ण नाटक वाचावे. उतारासंग्रहांतून किंवा दुसऱ्याचे ध्वनिचित्रमुद्रण ऐकून पाठ केलेल्या भाषणात त्या दुसऱ्या नटाचे विराम येतात, संहितेचे येत नाहीत. चौथे, दोन मिनिटांत सावकाश व अर्थपूर्ण बोलावयाचे तर दोनशेच्या आसपास शब्द पुरेसे होतात. उतारा कापावा लागेल. पण कापताना श्रोत्याच्या खुणा राखाव्यात. जेथे अन्य पात्राचे वाक्य गाळले असेल, तेथे त्याच्या उत्तराइतका अवकाश ठेवावा, म्हणजे पुढच्या वाक्याला कारण मिळते.

अलीकडे पुष्कळ चाचण्या भ्रमणध्वनीवर मुद्रित करून पाठवाव्या लागतात. तेथे समोर परीक्षकही नसतो, केवळ भिंग असते. श्रोत्याचा प्रश्न तेथे अधिकच तीव्र होतो, कारण भिंगाशी बोलणारा उमेदवार पाहणाऱ्याला तत्काळ ओळखू येतो. भिंगाच्या शेजारी एखादी जागा ठरवून तेथे श्रोता बसवावा, हा नाट्यशिक्षकांचा सल्ला रास्त आहे. त्या जागी कोणाला बसवावयाचे, हे सांगण्याचे काम व्याकरणाचे.

त्या विद्यार्थिनीची चाचणीत निवड झाली नाही. निवड अनेक कारणांनी होते व अनेक कारणांनी होत नाही. एवढ्यावरून प्रस्तुत प्रतिपादनाच्या बाजूने वा विरुद्ध काही सिद्ध होत नाही. परंतु परत आल्यावर तिने सांगितलेली एक गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते. भाषण चालू असताना मधेच एका परीक्षकाने कागद चाळावयास सुरुवात केली. पूर्वी असे झाले की तिचे शब्द अडखळत असत. या वेळी अडखळले नाहीत. "मी त्यांच्याशी बोलतच नव्हते ना," असे ती म्हणाली.

नाट्यविभाग आणि भाषाविभाग यांचे अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठांतून अलग चालतात. नटाला ध्वनिशास्त्राची चार व्याख्याने दिली की भाषेचा भाग संपला, अशी समजूत आढळते. वाक्यविचार आणि संबोधनविचार हेही अभिनयाच्या पूर्वतयारीत मोडतात, एवढे जरी या लेखाने लक्षात आणून दिले तरी त्याचा हेतू सफल झाला असे मी समजेन.